पवळीच्या ओटीत

कार्तिक वद्य पंचमी, शके १८५६

अन् वर म्हणे, माझं बूड कुठंच टिकत न्हाई! दादा, हे तू जेवताना म्हणालास, बैलं पाण्यावर नेताना म्हणालास, अन् मी टेंभुर्णीची वेस ओलांडली तरी मागून म्हणतच होतास. जालन्याच्या जिनात टिकलो न्हाई, कारण सरकीच्या धुरळ्यानं छाती भरली. बदनापूरला रुळाच्या कामावर टिकलो न्हाई, कारण मुकादमानं आईवरून शिवी दिली. ह्यात माझ्या बुडाचा काय कसूर?

समोर असतास तर आणखी बोललो असतो. न्हाईस, म्हणून वहीला सांगतो. तुझ्या भावाला, ह्या भुजंगाला, जागा मिळाली. अंबडच्या अलीकडं गोशाळेत. काळ्या दगडाची भिंत, मोठं लाकडी फाटक, आत निंबाची झाडं, विहिरीला गोड पाणी. गाई साऱ्या म्हाताऱ्या, भाकड, लंगड्या, एक तर दोन्ही डोळ्यांनी आंधळी. कुणाच्या कामाच्या उरल्या न्हाईत म्हणून इथं आल्या. मी पण तसाच आलो म्हणशील. म्हण.

नरहरपंत इथले कारभारी. शेण चुकवत असे चालतात, जशी काही अंगणभर रांगोळीच काढली आहे. विचारलं, शिकलास किती? म्हणलं, तिसरी, तीबी अर्धी. त्यांनी ही अर्धी कोरी वही दिली. म्हणाले, अर्ध्या तिसरीला अर्धी वही बराबर आहे, रोज चार ओळी लिही, न्हाईतर अक्षर मरून जाईल.

चतुराबाई शेण्या थापते. म्हातारी आहे, पण जीभ तरणी. मला खालून वर पाहून म्हणाली, बाबा, हे साऱ्या सासवांचं घर आहे अन् तू एकटी सून. म्हणलं, मंग पदर कुठाय माझा? तर शेणाचा हातच डोक्यावर ठेवला. पोट दुखेस्तोवर हसलो.

गोजर, तुझे दिवस भरत आले. तुला आई न्हाई म्हणून बाळंतपण दादाच्याच घरी करावं लागतं आहे, त्याचं मला वाईट वाटतं. पण आपल्या लेकराचं तोंड पाहायला येईन तर पगारी माणूस होऊन येईन.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

काम अंगवळणी पडलं. उजाडताना शेण काढायचं, मूत पडलेली जागा राख टाकून कोरडी करायची. मंग कडबा तोडून गव्हाणीत. ज्यांना दात न्हाईत त्यांना सरकीची पेंड भिजवून, कोंडा घालून आंबोण. थंडी पडली म्हणून गोणपाटाच्या झुली शिवल्या. ऊन आलं की एकेकीच्या कानामागचे, शेपटीखालचे गोचीड काढायचे. शिंग मोडलेल्या गाईला किडे पडले होते, सीताफळाच्या पाल्याचा रस पिळला, आता जखम भरून राह्यली.

जी बसली अन् उठेना, तिच्या पोटाखाली पोतं घालून दोघांनी उचलायचं. ती उभी राहून थरथरते अन् आपल्याकडं अशी पाहते, की आपण काही तरी मोठं केलं असं वाटतं. मला असं कुणी पाहिलं न्हाई कधी. गोजर सोडून.

आंधळी माझं पाऊल ओळखते. मी आलो की मान लांब करते. दादा, टिकून राह्यलो मी.

मार्गशीर्ष पौर्णिमा

एक नवीन गाय आली. प्रवाळासारखी लाल, म्हणून नाव पवळी. नुकती व्यायलेली. धनी मेला, घर उठलं, भावकीतल्या कुणी तरी आणून सोडली. वासरू वाटेतच गेलं. रस्त्याच्या कडेला टाकून आलो, म्हणाला तो माणूस.

पवळी खात न्हाई. दावं ताणून फाटकाकडं तोंड करून उभी राहते अन् हंबरते. कास दगडासारखी ताठ झाली आहे, पण पान्हा सोडत न्हाई. हात लावला की दूध वर ओढून घेते. चतुराबाई म्हणाली, असंच राह्यलं तर कास नासून गाय मरंल. गवळी काय करतात, मेल्या वासराचं कातडं काढून त्यात भुसा भरतात अन् गाईपुढं उभं करतात, ती चाटते अन् पान्हा सोडते. कुणाला तरी त्या वाटेवर पाठवा. नरहरपंतांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाले, गोशाळेत वासराचं कातडं? बाई, तुझ्या जिभेला काही हाड? तिनं तोंडातल्या तोंडात उत्तर दिलं, ते मी लिहीत न्हाई.

दिवसभर तो हंबरडा कानात आहे. थांबला तरी ऐकू येतो.

पौष शुद्ध सप्तमी

मुलगा! मला मुलगा झाला!

आपल्या गावचा कचरू अंबडच्या बाजाराला गाडी घेऊन आल्ता, त्यानं सांगितलं. आधी पेढे मागितले, मंग म्हणाला, भुजंगा, पेढे ठेव बाजूला अन् ऐक. पोर अवसेला झालं, मूळ नक्षत्रावर. जोशी म्हणाला, शांती झाल्याबिगर बापानं तोंड पाहायचं न्हाई, पाहिलं तर दोघांतल्या एकावर बेतंल. शांतीचा खर्चा निजामाच्या शिक्क्यात सव्वापाच रुपये हाली. दादा म्हणाला, बाप लावील तेव्हा होईल, मी कुठवर लावू? बराबरच आहे, दादा. तुझं नेहमीच बराबर असतं.

कचरूनं एक गाठोडं दिलं. आत कुंची. गोजरनं स्वतःच्या जुन्या लुगड्याची शिवलेली, कडेला लाल दोरा. चार दिवस पोराच्या डोक्यावर होती, धुतली न्हाई. निरोप होता, तोंड पाहू देत न्हाईत तर वास तरी घ्या.

घेतला. वेखंड, तेल, शेपाची धुरी, अन् त्याच्याखाली आणखी एक. तो कसा सांगू? तसा वास मी आधी कशाचाच घेतला न्हाई. निंबाखाली बसून घेतच राह्यलो. पवळीनं हंबरायचं थांबवून माझ्याकडं मान वळवली होती.

पौष शुद्ध दशमी

गिरिधरभट इथं पूजेला येतात. त्यांना शांतीचं विचारलं. म्हणाले, सुपात तीळ पसरून, वर लाल वस्त्र घालून पोर ठेवतात, गाईच्या तोंडाशी नेतात. गाईनं हुंगलं, चाटलं, की पोर तिच्या पोटी पुन्हा जन्मलं. जुन्या जन्माचा दोष गेला. मंग आईनं गाईपुढं मोल ठेवायचं अन् तिच्या तोंडापासून पोर परत घ्यायचं.

मी विचार केला, गाय इथं आहे. सूप आहे. संक्रांतीचे तीळ कोठीत आहेत. अन् पोराच्या अंगचा वास माझ्यापाशी आहे. जोशाला अन् दादाला हात कशाला जोडायचे? घरी जाऊन सांगीन, झाली शांती, एक पैसा लागला न्हाई, काढा पोर बाहेर.

दुपारी नरहरपंत वामकुक्षीला गेले, चतुराबाई शेतात गेली. मी सुपात तीळ पसरले, त्यावर कुंची ठेवली अन् पवळीपुढं धरली. मंत्र येत न्हाई. म्हणलं, पवळे, हे घे. हे लेकरू तुझ्या ओटीत घातलं. तुझंच.

तिनं हुंगलं. कान पुढं आले. सारं अंग थरथरलं. मंग ती चाटायला लागली, डावीकडून उजवीकडं, डावीकडून उजवीकडं. अन् कुणी कासेला हातबी न लावता चारी सडांतून दुधाच्या धारा मातीत पडायला लागल्या.

मी रडलो. रडायचं काय होतं, पण रडलो.

परत घेणं तेवढं राह्यलं. गोजर इथं न्हाई, मोलाला पैसेबी न्हाईत. ते काय, नंतर होईल. देणं महत्त्वाचं होतं, ते बराबर झालं.

पौष वद्य प्रतिपदा

पवळी खाते, पिते, शिंगं खाजवून घेते. दूध एवढं, की आजारी गाईंना पुरून उरतं. नरहरपंत खूश. म्हणाले, भुजंग, तुझ्या हाताला गुण आहे, आता कायम समज. कुंची कशाची ते त्यांना सांगितलं न्हाई. एक फडकं आहे म्हणलं. म्हणाले, ते फडकं तिच्यापुढून बिलकुल हलवू नको.

ती कुंची हनुवटीखाली घेऊन बसते. आधी जी मान फाटकाकडं असायची, ती आता खाली, कुंचीवर. हंबरतबी न्हाई. नुसतं घशात घुंऽ करते, वासराशी बोलतात तसं.

पगारातून शांतीच्या मोलाचे पैसे बाजूला टाकायला लागलो. शिमग्याला घरी जाईन.

पौष वद्य दशमी

कचरू आल्ता. ह्या वेळी पेढे मागितले न्हाईत.

पोर कसं आहे म्हणलं, तर म्हणाला, बरं आहे. मंग बैलाची शेपटी पिळत बसला. खोदून विचारलं तेव्हा बोलला. पोर आईचं पीत न्हाई. तोंडात दिलं तर मान फिरवतं. गोजरच्या छातीला गाठी झाल्या. बायांना वाटलं, चार दिवसांत जाईल. पण पोर बाळसं धरून राह्यलंय. पोट तट्ट. ढेकर देतं तर तोंडाला कडब्याचा वास.

अन् जावळ. जावळ सदा ओलं. पुसलं, शेकलं, धुरी दिली, पुन्हा ओलं. सारे केस एकाच अंगाला चापून बसलेले, डावीकडून उजवीकडं.

गोजर म्हणते, हे लेकरू माझ्याकडं पाहतच न्हाई. दक्षिणेच्या भिंतीकडं पाहतं. मी पाहुणी आहे त्याची. दादा म्हणतो, बाळंतिणीच्या डोक्याला वारं लागलं.

कचरू बोलत होता अन् मी त्याच्या खांद्यावरून पाहत होतो. पवळी कुंची चाटून राह्यली होती. डावीकडून—

पौष वद्य एकादशी

गिरिधरभटांना गाठलं. विचारलं, परत घेतलंच न्हाई तर? ते हसले. म्हणाले, असं कुणी मधेच सोडतं का? परत घेतलं न्हाई तर पोर गाईचंच की. कुणी केलं असलं? म्हणलं, आमच्या तिकडं एकानं. तेव्हा हसायचे थांबले. म्हणाले, आईला म्हणावं, जल्दी जाऊन स्वतःच्या हातानं मोल ठेव अन् लेकरू मागून घे. बापानं मागून चालत न्हाई, त्यानंच दिलेलं असतं.

विचारलं, अन् मधेच गाय मेली तर? त्यांनी पंचांग फडक्यात बांधलं. म्हणाले, तशी वेळ कुणी येऊ देत न्हाई.

तरी मी पवळीपाशी गेलो. गोंजारून कुंची हळूच ओढली. तिनं शिंग उगारलं न्हाई. नुसतं पाहिलं. मी पोतं घालून उभी केलेली गाय पाहते ना, तसं. कुंची हातात आली. ओली होती. अन् ऊन. तान्ह्या लेकराचं डोकं असतं तशी ऊन, अन् मधोमध काही तरी धडधडत होतं. टाळू उडते तसं.

हातातून पडली माझ्या. तिनं जिभेनं ओढून घेतली.

कचरू उद्या पहाटे परत निघतो. त्याचे पाय धरले. म्हणलं, दादा काहीबी म्हणो, गोजरला अन् पोराला गाडीत घालून घेऊन ये.

पौष वद्य द्वादशी

कुंची न्हाई.

गव्हाणीत न्हाई, शेणात न्हाई, झुलीखाली न्हाई. पवळी डोळे मिटून रवंथ करून राह्यली. ओठाला लाल दोरा.

मी ओढली म्हणून. मी ओढली म्हणून तिनं पोटात ठेवली.

माघ शुद्ध चतुर्थी

बुळकांडी आली. पहिली आंधळी गेली. डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, पातळ हगवण, अन् मंग काहीच न्हाई. माझं पाऊल ऐकून मान लांब करायला गेली, ती तशीच राह्यली.

खड्डे खणून हाताला फोड आले. चतुराबाई एकेकीच्या कपाळाला हळद लावते अन् नावानं हाक मारते. तिची थट्टा बंद झाली.

तहसिलीतून हुकूम आला. कुणी आत न्हाई, कुणी बाहेर न्हाई. फाटकावर शिपाई. पलीकडं भोवतालच्या गावांतले लोक काठ्या घेऊन बसलेत. त्यांचा तरी काय कसूर? पायाला लागून रोग गेला तर त्यांची बैलं मरतील.

पवळी अजून खाते. देवा, पवळी अजून खाते.

माघ शुद्ध सप्तमी

आज पवळीनं गव्हाणीला तोंड लावलं न्हाई.

डोळ्यांतून पाणी—

धूळ असंल. वाऱ्याची धूळ.

माघ शुद्ध अष्टमी

धूळ न्हाई.

तांदळाची पेज बांबूच्या नळीनं पाजली. तोंडाचे फोड तुरटीच्या पाण्यानं धुतले. तिनं सारं करू दिलं. नरहरपंत म्हणाले, बाकीच्यांकडंही बघ रे. कसं बघू? त्यांना कसं सांगू, की ह्या गाईच्या पोटात माझं—

आता बसून आहे. उठत न्हाई. पोतं घातलं, चतुराबाईनं अन् मी उचललं. उभी राह्यली न्हाई. मान मात्र उत्तरेला. टेंभुर्णीच्या वाटेला.

सारखं घुंऽ, घुंऽ. मी तिच्या पोटाला कान लावला—

न्हाई लिहीत.

माघ शुद्ध दशमी, सकाळ

फाटकाकडून हंबरडा आला. वासराचा, कोवळा. पवळीनं उत्तर दिलं.

धावत गेलो. फाटकापाशी वासरू न्हाई. काठीवाल्या लोकांच्या मागं, बाभळीखाली कचरूची गाडी. अन् गोजर. छातीशी बोचकं. किती वाळली आहे.

हंबरडा बोचक्यातून येत होता.

दादाशी भांडून आली. रात्रंदिवस गाडीत. तिनं पोराला पदरानं झाकलं, माझी नजर पडू नये म्हणून. अजूनबी माझ्या जिवाची काळजी करते ही.

शिपायाच्या पाया पडलो. लोकांच्या पडलो. एक म्हातारा रडला, पण म्हणाला, बाबा, माझ्या घरी एकच जोडी आहे.

दुपार

गोजरला पवळीचं सांगून फाटकाबाहेरूनच ओरडायला लावलं. चतुराबाईला सारं सांगून टाकलं होतं. ती मला मारंल असं वाटलं. तिनं माझं तोंड पुसलं.

गोजर ओरडली. पवळाई, माझं लेकरू मला दे. माझं आहे गं ते. मी जन्म दिलाय.

पवळीनं मान उचलली. कान पुढं. दोघी आया एकमेकींना ऐकत होत्या, मधे भिंत. मंग पवळीनं मान पोटाकडं वळवली अन् स्वतःची कूस चाटायला लागली. हळूहळू. तोंडाला फोड असून.

देत न्हाई. कशी देईल? एक रस्त्यावर गेलं तिचं.

मोल राह्यलं. मोल गोजरच्या हातून पाहिजे. पैसे चतुराबाईकडून फाटकाच्या फटीतून देतो, गोजर पोराच्या कपाळाला लावून परत देईल, मंग पवळीपुढं ठेवीन. कमरेची गाठ सोडतोय— सुटत न्हाई— पवळे, थांब. एवढं थांब, माये—

तिसरा प्रहर

पवळीचं डोकं माझ्या मांडीवर.

जीभ बाहेर. अजून ओली.

फाटकाकडचा हंबरडा थांबला. तो अन् हिचा श्वास, दोन्ही एकदमच.

चतुराबाई धावत आली. हसत होती. इतक्या दिवसांनी हसत. म्हणाली, गोजर विचारते, मोल ठेवलं का? गाईनं दिलं का लेकरू? कारण पोर गप झालं, तिच्याकडं तोंड करून निजलं, पहिल्यांदाच. अन् जावळ—

जावळ वाळलं म्हणते. बिलकुल कोरडं. हात फिरवून राह्यली.

मंग तिनं पवळीकडं पाहिलं. अन् मटकन खाली बसली.

म्हणलं, चतुराबाई, उठ. गोजरला सांग, हो. दिलं म्हणावं. गाईनं परत दिलं. अन् पदर काढू नको म्हणावं, ऊन लागंल. गाव येईपर्यंत त्याला असंच छातीशी धर म्हणावं, जागं करू नको.

तोंड मी अजून पाहिलं न्हाई. आता पाहिलं तरी चालतं. आता कुणावर काय बेतायचंय? पण पदर तिनं काढला तर तीबी पाहील. एवढी वाट तरी तिची होऊ दे. एवढ्या वाटेपुरता तो तिचा—

दादा, खड्डे खणायचे आहेत. मी इथंच टिकलो.

चतुराबाई उभी आहे. तिच्या हाती पैसे पाठवतो आहे. शांतीचे साठवलेले, गोजर, तुझ्या हाती पाठवतो आहे, सव्वापाच रुपये हाली, पुरते, एक पैसाबी कमी न—